चिमणी बोलल्याशिवाय

अपक्षांना चिन्हं वाटली त्या दिवशी नगरात अशी थंडी होती की सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता, आणि नेमका त्याच दिवशी दया सिस्टरांच्या वाट्याला छताचा पंखा आला.

"सिस्टर, लोक म्हणतील बाई गारठवायलाच निघाली," डॅनी निवडणूक कार्यालयाच्या पायऱ्यांवरच म्हणाला. डॅनी चर्चच्या तरुण संघातला, सिस्टरांच्या मुलीबरोबर, आराधनाबरोबर, लहानपणापासून क्वायरमध्ये गाणारा. पण या निवडणुकीत तो समोरच्या पॅनेलकडं होता. त्यांचं चिन्ह कपबशी, आणि थंडीत कपबशीला कोण नाही म्हणतंय?

"मे महिन्यात माझी आठवण काढशील," दया सिस्टर म्हणाल्या आणि स्कार्फ घट्ट करून स्कूटरवर बसल्या.

आराधना हसली नाही. तिच्या डोक्यात पंखा नव्हता, 'ड' होता. महापालिकेच्या प्रभागात जागा चार, अ, ब, क आणि ड. म्हणून माणशी मतंही चार. यंत्रावर चार रंगांच्या मतपत्रिका एकाखाली एक लावलेल्या असतात आणि मतदारानं प्रत्येकीवर एक बटण दाबायचं असतं. पांढरीवर एक, गुलाबीवर एक, पिवळीवर एक आणि शेवटी निळीवर एक. निळी म्हणजे ड. मम्मी ड मध्ये उभी होती, कपबशीच्या पॅनेलमधल्या माजी नगरसेवक सहादेव बोरुड्यांच्या विरोधात.

आता माणूस शेवटपर्यंत पोचलाच नाही तर? मागच्या निवडणुकीत खाणवस्तीतले कितीतरी जण पहिलं बटण दाबून, बोटाची शाई फुंकत बाहेर आले होते. त्यांची उरलेली मतं कुणालाच गेली नाहीत. आणि मम्मीची खरी माणसं खाणवस्तीतच होती. जुन्या दगडखाणीच्या कडेनं वाढलेल्या त्या वस्तीत तिनं पंचवीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम केलं होतं. तिथला एकुलता एक दवाखाना बंद पडला, तो उघडावा म्हणून अर्ज करून करून थकली, तेव्हा कुठं ती उभी राहिली होती. बाकीच्या कॉलन्यांमध्ये तिला फारसं कोणी ओळखत नव्हतं. खाणवस्तीनं चौथं बटण दाबलं तर ती येणार होती, नाही दाबलं तर नाही. एवढं सरळ गणित होतं.

"मग शिकवू या की," आराधना म्हणाली.

आराधना भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती, निकाल लागून सहा महिने झाले होते आणि नोकरीच्या मुलाखती चालू होत्या. एखादी गोष्ट समजली नाही की ती उघडून बघायची, ही तिची सवय. घरचा मिक्सर तिनं इतक्यांदा उघडला होता की त्याचे स्क्रू आता हातानंच फिरत. तिनं सलाईनच्या बाटल्यांचा एक रिकामा खोका घेतला, त्याला चार रंगांचे कागद चिकटवले आणि प्रत्येक कागदावर पाच-पाच बटणं बसवली. बटण दाबलं की त्याच्याशेजारचा दिवा लागून राहायचा. चारही कागदांवर एकेक दिवा लागला की आतून बेल वाजायची. तीन लागले तर खोका गप्प. उमेदवारांची नावं तिनं घातली नाहीत. फळांची घातली: आंबा, चिकू, पेरू, सीताफळ, डाळिंब.

बेल आणायला ती कापडबाजारामागच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली. तिला साधा बझर हवा होता. तो संपला होता. दुकानदारानं दाराची बेल काढून दिली, चिमण्यांच्या चिवचिवाटाची. आराधनानं वायरची दोन टोकं जोडून बघितली. वाजली. सर्किटच्या दृष्टीनं बेल ती बेल. ती घेऊन ती घरी आली.

पहिला प्रयोग लंकाबाईंच्या ओट्यावर झाला. लंकाबाई सत्तरीच्या, वस्तीतल्या निम्म्या बाळंतपणांना दया सिस्टरांच्या सोबतीला हजर असलेल्या. त्यांनी पांढऱ्या कागदावरचा आंबा दाबला आणि हात पदराला पुसला.

"झालं."

"नाही झालं, आजी. अजून तीन आहेत."

"अगं, एक आंबा खाल्ला की बास झालं मला."

"खाली गुलाबी कागद आहे बघा. त्यातलं एक घ्या."

"चिकू."

"आता पिवळा."

"मला पेरू चावत न्हाई," लंकाबाई म्हणाल्या, पण पेरूच दाबला. मग निळ्या कागदावर बोट ठेवून त्यांनी आराधनाकडं बघितलं, दाबलं, आणि खोक्यातून चिमण्यांचा थवा उडाल्यासारखा आवाज झाला. ओट्याखाली झोपलेलं मांजर उठून बसलं. लंकाबाईंचा चेहरा उजळला.

"आगं बया. ही कुठनं बोलती?"

त्यानंतर शिकवायचं काम उरलंच नाही. लंकाबाईच शिकवायला लागल्या. बुद्धविहारासमोरच्या अंगणात खोका ठेवायचा अवकाश, रांग लागायची. आराधना सांगायची, "चार दाबल्याशिवाय बेल वाजत नाही." वस्तीत जाईपर्यंत त्याचं झालं, "चिमनी बोलल्याबिगर हलायचं न्हाई." रिक्षा चालवणारे कचरूअण्णा संध्याकाळी गाडी लावली की एक फेरी मारून जायचे, केवळ ऐकायला. त्यांच्या बायकोनं, बनाबाईंनी, चारही वेळा डाळिंबच दाबलं. उपासाला चालतं म्हणून.

दया सिस्टर घराघरांतून पत्रकं वाटून आल्या की ओट्यावर बसून हा तमाशा बघायच्या. "आरू, तू यांना मत द्यायला शिकवतेयस की माझं मत मागतेयस?" त्या एकदा म्हणाल्या.

"आधी पहिलं झालं पाहिजे, मम्मी. त्याशिवाय दुसरं कसं होईल?"

"हं," सिस्टर म्हणाल्या. त्यांना हे उत्तर आवडलं होतं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

डॅनी येऊन खोका बघून गेला. झाकण उघडून जोडणी न्याहाळत म्हणाला, "भारी आहे. पण माझेही मतदार तू फुकटात शिकवतेयस हे लक्षात आलंय ना?"

"आलंय. चहा घेणार?"

"कपबशीतून दे."

मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होतं. खाणवस्तीचं केंद्र शाळेच्या दुसरीच्या वर्गात. भिंतीवर उजळणी रंगवलेली, बाक बाजूला सारलेले, कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या आडोशामागं यंत्र. आराधना आईची मतदान प्रतिनिधी म्हणून आत बसली, शेजारी कपबशीचा डॅनी. केंद्राध्यक्ष होते कल्याण गायके, राहुरीकडच्या एका शाळेत गणित शिकवणारे, मफलर तोंडापर्यंत गुंडाळलेले आणि आवाज कधीही न चढवणारे. मतदान सुरू होण्याआधी त्यांनी नियमाप्रमाणं यंत्र तपासून दाखवलं. चार बटणं दाबल्यावर यंत्रानं एक लांब, सरळ सूर काढला. आराधनानं मनात नोंद घेतली की हा सूर क्वायरच्या पेटीतल्या वरच्या सा च्या जवळ आहे. त्यापलीकडं तिला काही सुचलं नाही. नंतर या गोष्टीचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पहिला तासभर बाहेरच्या कॉलनीतली माणसं आली, पटापट गेली. मग खाणवस्ती आली. सगळ्यात पुढं लंकाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून.

त्या आडोशामागं गेल्या. थोड्या वेळानं यंत्राचा लांब सूर वाजला. लंकाबाई बाहेर आल्या नाहीत.

"आजी, झालं तुमचं," गायके सर म्हणाले.

"न्हाई झालं."

"झालंय. या बाहेर."

"चिमनी कुठं बोलली?"

गायके सरांनी मफलर हनुवटीखाली केला. "कोण बोलली?"

प्रतिनिधीला मतदाराशी बोलता येत नाही, हे आराधनाला माहीत होतं. ती नुसती खुर्चीच्या कडेवर सरकली. आतून बटणं दाबल्याचा आवाज येत होता, टक, टक, टक. यंत्र आता काहीच घेत नव्हतं, कारण घ्यायचं ते घेऊन झालं होतं.

"आजी, यंत्रानं तुमची चारही मतं घेतली आहेत. मला इथं दिसतंय."

"तुमी सांगताय. ती कुठं सांगती?" लंकाबाई शेवटी बाहेर आल्या, त्या रुसूनच. दारातून जाताना रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माजं मत न्हाई घेतलं मशिननी."

पुढं बनाबाई. त्याही आत अडकल्या. त्यांच्यानंतरचे एक आजोबा आडोशामागं इतका वेळ थांबले की गायके सरांनी त्यांना बरं वाटतंय ना, असं विचारलं. आतून उत्तर आलं, "बरा हाय. वाट बघतोय." रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली. डॅनी चहा घ्यायला म्हणून बाहेर जाऊन आला आणि आराधनाच्या कानाशी वाकला.

"तुझी माणसं घरी चाललीत. म्हणतायत मशिन बिघडलंय, दुरुस्त झालं की दुपारी येऊ. आता वस्तीतली माणसं दुपारी येतात का, ते तू मला सांग."

येणार नव्हती, हे आराधनाला पक्कं ठाऊक होतं. दुपारी कामावर गेलेला माणूस मतदान संपल्यावरच परतणार. खाणवस्ती गेली म्हणजे मम्मी गेली, आणि तीही चौथ्या बटणाला घाबरून नव्हे, ते नीट शिकल्यामुळं. ती उठून गायके सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, चूक माझी आहे. मी सरावासाठी खोका केला होता. त्यात चिमण्यांची बेल होती. ती वाजली की मत झालं, असं त्यांना वाटतंय. मी रांगेला एवढंच सांगू का, की इथं वेगळा आवाज येतो?"

"तुम्ही उमेदवाराच्या प्रतिनिधी आहात. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"आणि सर, माझी हरकत आहे," डॅनी मागून म्हणाला. आता तो पॅनेलचा डॅनी होता. "चिमणी हा प्रचार आहे. काहीतरी खूण असणार त्यात."

गायके सर चष्मा लावून भिंतीवरच्या चार नमुना मतपत्रिकांपाशी गेले. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत त्यांनी सगळी चिन्हं वाचली. "चिमणी नाही. पशुपक्षी आता चिन्ह म्हणून देतच नाहीत. हरकत फेटाळली."

"डॅनी, इकडं बघ," आराधना हळूच म्हणाली. "एक माणूस घरी गेला की मम्मीचं एक मत जातं. बरोबर? आणि तुमचे उमेदवार किती आहेत?"

"चार."

"खाणवस्ती अ, ब आणि क मध्ये कुणाला देते?"

डॅनीनं फाटकाकडं बघितलं. तिथून आणखी दोन बायका पदर खोचत घरची वाट धरत होत्या. त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एक, दोन, तीन असा सरकला.

"सर," तो म्हणाला, "माझी हरकत मी मागं घेतो. पण यांनी नाही बोलायचं. तुम्ही बोला."

गायके सर व्हरांड्यात गेले. त्यांनी पुस्तिकेतलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, की मतदारानं सर्व जागांसाठी मत नोंदविल्यानंतर यंत्रामधून दीर्घ ध्वनी निर्माण होईल व त्यानंतर मतदान प्रक्रिया पूर्ण झाली असे समजावे. रांगेनं मन लावून ऐकलं.

"म्हंजे चिमनी कवा बोलनार?" कचरूअण्णांनी विचारलं.

"चिमणी नाही बोलणार. दुसरा आवाज येईल. साधारण शिट्टीसारखा..."

"सर, शिट्टी चिन्ह आहे," डॅनी दारातून म्हणाला. "ब मध्ये, तिसरं."

"बरं. शिट्टी नाही. कुकर होतो तेव्हा जसा..."

"कुकर अ मध्ये आहे, सर." हे आराधनाच्या तोंडून निघून गेलं.

गायके सरांनी श्वास घेतला. "रिक्षाचा हॉर्न असतो ना..."

"क," दोघं एकदम म्हणाले.

गणिताच्या माणसाला सगळे पर्याय बाद होताना दिसतात तेव्हा तो जसा दिसतो, तसे गायके सर दिसत होते. रांगेतलं कोणीतरी खुसखुसलं. शाळेच्या पायरीवर बसलेल्या लंकाबाईंना हे सगळं असह्य झालं.

"मास्तर, कशावानी कशावानी काय लावलंय? काय वाजतंय ते वाजवून दावा की."

गायके सरांनी उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. पोलीस हवालदार आभाळातल्या पतंगाकडं बघत होता. मग सरांनी मफलर पूर्ण काढला, हातात धरला, घसा साफ केला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं आवाज काढला.

"पीऽऽऽऽऽऽऽ."

रांगेतल्या माना पुढं झाल्या.

"पुन्यांदा," कचरूअण्णा म्हणाले.

"पीऽऽऽऽऽऽऽ. हा आवाज आला की तुमचं मत झालं. थांबायचं नाही."

"मागं ऐकू न्हाई आलं," फाटकाजवळून कोणीतरी ओरडलं. सर तिथं गेले. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते आवाज काढत गेले, दर पाच-सहा माणसांना एकदा, वर्गात फळ्याकडं पाठ करून पाढा म्हणवून घ्यावा तसे. सूर मात्र त्यांनी नेमका पकडला होता. आराधनानं दारातून ताडून बघितलं, वरच्या सा च्या आसपासच होता.

लंकाबाई पायरीवरून उठल्या. "हे व्हय? हे तर मगाशीच झालं हुतं. आन् मी आपली उभी खांबावानी. म्हंजे पडलं की माजं मत." त्या चपला घालून तडक वस्तीकडं निघाल्या. त्यांनी गल्लीगल्लीत जाऊन काय सांगितलं ते आराधनाला नंतर कळलं, पण अर्ध्या तासात घरी गेलेले सगळे परत आले आणि येताना पोराटोरांसकट पी पी करत आले. आडोशामागून सूर निघाला की रांगेतला पुढचा माणूस समाधानानं मान हलवायचा. बनाबाई रांगेच्या कडेनं पुन्हा दारापर्यंत आल्या आणि शाईचं बोट दाखवून विचारून गेल्या, "माझं बी पी झालं हुतं ना, सर?"

"झालं होतं, बाई. उत्तम झालं होतं."

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. आराधना मतमोजणीच्या जाळीला नाक लावून उभी होती, डोळे लाल झालेले. बाकीच्या केंद्रांवर तिच्या भीतीप्रमाणंच घडलं होतं. अ ला मतं भरपूर, ब ला थोडी कमी, क ला आणखी कमी, आणि ड पर्यंत येता येता लोकांचा उत्साह मावळलेला. तिथं सहादेव बोरुडे थोडे थोडे पुढं जात राहिले. मग खाणवस्तीचं यंत्र उघडलं. तिथं अ, ब, क आणि ड, चारही जागांवर पडलेली मतं जवळजवळ सारखी होती. मोजणारा अधिकारी आकडा वाचून थांबला आणि त्यानं पुन्हा एकदा वाचला. निळ्या मतपत्रिकेवर दर चार माणसांतल्या तिघांनी पंखा दाबला होता. शेवटची फेरी संपली तेव्हा दया सिस्टर शंभराच्या आतल्या फरकानं निवडून आल्या होत्या.

बाहेर कचरूअण्णांनी गुलाल उधळला. सिस्टरांच्या पांढऱ्या साडीचं जे व्हायचं ते झालं. डॅनीनं आराधनाला सलाम केला, चर्चच्या फाटकात करतात तसा. "अ, ब, क आमचे आलेत, एवढं लक्षात ठेव."

"तीनच," आराधना म्हणाली.

"मीठ चोळू नकोस."

मिरवणूक निघायच्या आत सिस्टरांनी आराधनाच्या दंडाला धरलं. "चल, आधी सहादेवभाऊंकडं जाऊन येऊ. उद्या गेलं की उगाच भाषण केल्यासारखं वाटतं."

सहादेव बोरुड्यांच्या अंगणात मांडव तसाच होता, खुर्च्या रिकाम्या. ते स्वतः एका खुर्चीवर बसून बूट काढत होते. गुलालानं माखलेल्या सिस्टर दिसल्या तसे उठले.

"या, सिस्टर. अभिनंदन."

"आशीर्वाद द्या, भाऊ."

"तो दिलाच की त्या तुमच्या खाणवस्तीनं." मग त्यांची नजर आराधनावर गेली. "ही का ती चिमणीवाली?"

"हो, काका."

"मागच्या निवडणुकीत त्या केंद्रावर मला किती पडली होती, माहितीय?"

"आतापेक्षा निम्मी," आराधना म्हणाली. तिनं ते बघून ठेवलं होतं.

"निम्मी. म्हणजे माझी मतंसुद्धा तूच दुप्पट केलीस, आणि वर मला पाडलंस." त्यांना राग आणायचा होता, पण आकडा त्यांना मनापासून आवडला होता आणि ते लपत नव्हतं. "बसा. सिस्टर, दवाखान्याचं काम घेणार ना? तिथल्या जागेचा घोळ मी तुम्हाला सांगतो, नाहीतर पहिलं वर्षभर तुम्ही चुकीच्या टेबलाशीच भांडत बसाल."

सिस्टर लगेच खुर्ची पुढं ओढून बसल्या.

आतून रोहिणीताई, सहादेवरावांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. आराधनाला बघून त्या ओळखीचं हसल्या. "अगं, मीपण आले होते की तुझा खोका बघायला. विहाराच्या अंगणात. चारही बटणं नीट जमली मला."

सहादेवराव बशी तोंडाशी नेता नेता थांबले. "तू कधी गेली होतीस?"

"मंगळवारी. भाजी आणायला गेले तेव्हा."

"मग चौथं काय दाबलंस?"

"सीताफळ," रोहिणीताई म्हणाल्या.

"तिथलं नाही विचारत. मतदानाचं विचारतोय."

रोहिणीताईंनी बिस्किटांची ताटली सिस्टरांच्या पुढं सरकवली, मग आराधनाच्या पुढं, आणि शेवटी नवऱ्याच्या पुढं.

"चहात साखर कमी असेल तर सांगा," त्या म्हणाल्या आणि शेजारची रिकामी खुर्ची ओढून दवाखान्याच्या जागेचा घोळ ऐकायला बसल्या.